सहा आवाजांची वही

माझा भाऊ भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणी त्याला धीराचा वगैरे म्हणायला नको. लहानपणी पालीला भ्यायचा, मास्तरांना भ्यायचा, केस कापायला नेलं तर कात्री बघूनच गळा काढायचा. मी त्याला भागुबाई म्हणायचे. आता तो अडतीस वर्षांचा बाप्या झालाय, मागाच्या कारखान्यात सतरा वर्षं काढलीत, तरी मी त्याला बाळ्याच म्हणते. मोठी बहीण आहे मी, माझा तो हक्कच आहे.

घरात आम्ही चौघं. बाळ्या, त्याची बायको म्हणजे माझी वहिनी, त्यांची ठमी आणि मी. माझा संसार काही टिकला नाही. शिलाई मशीन उचललं आणि इथं आले. पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझं मशीन आणि शेजारी शाळेच्या गणवेशांचा ढीग. वहिनी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, सकाळी सहाला बाहेर पडते ती दुपारी अडीचला येते. बाळ्याची पाळी तीनला सुरू. नवरा-बायकोची दिवसाउजेडी गाठ पडते ती कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर. ती उतरते, तो चढतो. त्यामुळे सकाळची ठमी बापाची, मधला थोडा वेळ माझी आणि संध्याकाळी आईची.

ठमी दहा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. माझा बटणांचा पत्र्याचा डबा टेबलावरून खाली पडला, तो नेमका झोपलेल्या पोरीच्या उशाशी. मी दचकले, खालच्या मजल्यावरचे आजोबा ओरडले, "काय घर पाडता काय?" पोरगी मात्र हललीसुद्धा नाही. मी तोच डबा उचलून पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा आपटायची माझी छाती झाली नाही.

मग तपासण्या झाल्या, पडदे लावलेल्या खोल्या, तारा, कागद. दोन्ही कानांमागे काजूएवढी मशिनं बसली. मला वाटलं होतं, चष्मा लावला की दिसतं तसं मशीन लावलं की ऐकू येईल. तसं नसतं म्हणे. कानाला आवाज येतो, पण तो कशाचा, कुणाचा, हे पोराला शिकवावं लागतं, आणि लवकर शिकवावं लागतं. तो शिकवणारा माणूस आमच्या गावात नव्हता. तो होता एक दिवसाच्या प्रवासावर. म्हणून मग फोनवरच्या बाई आल्या.

दर गुरुवारी अकराला मी शिलाईचं मशीन बंद करायचे, दोऱ्याच्या रिळांच्या खोक्याला टेकवून फोन उभा करायचे आणि त्यात बाई दिसायच्या. गोल चेहरा, बारीक केस, आवाज ठाम. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मी ठमीला शिकवणार नाही, तुम्हाला शिकवणार आहे. माझा आठवड्याला एक तास, बाकीचे सगळे तास तुमचे." मी मनात म्हटलं, झालं! आम्हाला दहावीचं गणित सुटलं नाही, आम्ही काय शिकणार?

पण बाळ्या शिकला. सकाळची तीन कामं बाईंनी लावून दिली होती. एक, मशीनची बॅटरी बघायची. दोन, नळी लावून आपण स्वतः मशीन ऐकायचं. ही नळी डॉक्टरांच्या गळ्यात असते तसलीच. खालच्या टोकाला पोरीचं मशीन अडकवायचं, वरची टोकं आपल्या कानांत, आणि बोलून बघायचं की आवाज स्वच्छ येतोय की खरखरतोय. पोर लहान, ते काही सांगणार नाही, म्हणून आपण ऐकायचं. तिसरं काम सहा आवाजांचं. आ, ऊ, ई, म, श, स. आपल्या बोलण्यातला जाडा-बारीक सगळा आवाज या सहांत येतो, असं बाई सांगायच्या. पोरीच्या पाठीमागे उभं राहायचं, तोंडापुढे कागद धरायचा आणि एकेक आवाज काढायचा. पोरीनं गालाला ठोकळा लावून वाट बघायची, आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. एकदा उजवं मशीन, एकदा डावं.

सुरुवातीला ठमी ठोकळा चावायची. बाळ्या तिचा हात आपल्या हातात घ्यायचा, मी मागून "आ" म्हणायचे, की तो तिचा हात डब्याकडे न्यायचा, ठोकळा टण्णकन पडायचा आणि बाप टाळ्या वाजवायचा. असं शंभरदा केलं असेल. मग एक दिवस तिनं आपला आपण टाकला. त्या दिवशी हा बाबा रडत रडत कामावर गेला.

त्यानं एक वही केली. पट्टीनं रेघा मारून सहा आवाजांचे सहा रकाने, डावा कान, उजवा कान, तारीख. आला की बरोबरची खूण, नाही आला की फुली. मला तो हातही लावू द्यायचा नाही. "ताई, तुझ्या बोटांना मशीनचं तेल असतं, नळीत जाईल." मी म्हणायचे, "घे बाबा, तूच घे, मोठा इंजिनिअर!" घाबरटाची काळजी ती, त्यात कसर नाही. आठ महिने वहीत नुसत्या बरोबरच्या खुणा होत्या. ठमी "आ" म्हणायला लागली, "म" म्हणायला लागली. 'श' आणि 'स' तेवढे तोंडात येत नव्हते. बाई म्हणायच्या, येतील, ऐकतेय ना, मग येतील.

आणि मग एका सोमवारी उजव्या कानाच्या 'स'खाली फुली पडली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फुली. पोरीला सर्दी असेल, म्हटलं. आठवड्यानं 'श' गेला. त्यानंतर 'ई' कधी यायचा, कधी नाही. बाळ्याचा चेहरा वहीसारखाच व्हायला लागला, रोज एक फुली जास्त. गुरुवारी बाईंनी विचारलं, "बाबा, नळीनं ऐकताय ना?"

"रोज ऐकतो बाई."

"कसा आहे आवाज?"

"स्वच्छ."

पुढच्या गुरुवारीही तेच. बॅटरी बदलून झाली, मशीनचा कानात बसतो तो साचा धुऊन झाला. बाई म्हणाल्या, "मशीन नीट असेल, तर ऐकू येणंच आणखी कमी झालं असेल. असं होतं कधीकधी. डॉक्टरांना दाखवू या." डॉक्टरांनी फोनवर तारीख दिली चोवीस. वही घेऊन या म्हणाले. उजव्या कानाचं मशीननं भागत नसेल तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल, म्हणाले.

ऑपरेशन म्हणजे कानामागची कातडी उघडून हाडात जागा करून आत यंत्र बसवायचं. त्यानं कितीतरी पोरांचं भलं झालंय हे बाईंनी आम्हाला नीट समजावलं होतं. पण समजावलेलं डोक्यात राहतं आणि भीती पोटात राहते. वहिनी ठमीला आंघोळ घालताना तिच्या कानामागे बोट फिरवत बसायची, पाणी गार व्हायचं तरी. मी एकाच सदऱ्याला दोन डाव्या बाह्या लावल्या. आणि बाळ्याचं तर तोंडचं पाणीच पळालं. दिवसातून एकदा करायची ती तपासणी तो दहा-दहा वेळा करायला लागला. "ठमे, आता ऐक हं. एकदाच." पोरगी वैतागून ठोकळे फेकायची. जेवायला बसला की घास हातात आणि नजर पोरीच्या कानावर. मला एकदा म्हणाला, "ताई, हा कान गेला आणि मग दुसराही गेला तर?" मी खेकसले त्याच्यावर. खरं म्हणजे माझ्याही मनात दोन दिवस तेच चाललं होतं.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगताना माझी मलाच लाज वाटते. त्याच दिवसांत ठमीला कडेवर घेतलं की मला बारीक शिट्टी ऐकू यायची, उजव्या बाजूनं. मी म्हटलं, "अरे बाळ्या, हिच्या कानात काहीतरी वाजतंय."

त्यानं तिच्या कानाला कान लावला. डोळे मिटले. जिवाचा कान करून ऐकलं. "नाही गं. काही नाही."

"अरे बहिऱ्या, वाजतंय की!"

"नाही ताई. मशीनचं मला कळतं."

आणि मी गप्प बसले. मशीनचं त्याला कळतं, मी आपली शिलाईवाली. बहिऱ्या म्हटलं, हसले आणि काज करायला बसले.

मला काय काय माहीत होतं, ते ऐका. त्याच्या खात्यात चाळीस माग एकदम चालतात, तिथं बोलणं ऐकू येतच नाही, सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलतात, हे मला माहीत होतं. सकाळची बस सुटताना काचेआडून वहिनी काय पुटपुटली ते हा बाहेर उभा राहून सांगायचा, आणि आम्ही त्याची गंमत करायचो. समोरच्या गच्चीवरचं भांडण त्याच्याकडून शब्दन् शब्द वदवून घ्यायचो. पाठमोरा असला की दोनदा हाक मारावी लागते, हेही माहीत होतं. मी म्हणायचे, आपल्याच तंद्रीत असतो मेला. कारखान्यात दरवर्षी कान तपासतात, त्यात याच्या जोडीदाराला नापास केलं आणि मागावरून काढून फाटकावर बसवलं, हेसुद्धा यानंच सांगितलं होतं. आणि स्वतःची पाळी आली तेव्हा दोन वर्षं सर्दीचं निमित्त करून सुटला. मी म्हटलं, भागुबाई, डॉक्टरला भ्यायला! इतकं सगळं समोर होतं आणि मी धुतल्या तांदळासारखी म्हणते की मला काही ठाऊक नव्हतं.

चोवीस तारखेच्या आधीचा गुरुवार. बाई म्हणाल्या, "बाबा, आज माझ्यासमोर नळी लावा. उजवं मशीन फोनजवळ धरा. मी आवाज काढते, तुम्ही मागून म्हणा."

बाळ्यानं नळी कानांत घातली. बाई म्हणाल्या, आ. तो म्हणाला, आ. ऊ, ऊ. ई, ई. म, श, स, सगळे सहा बरोबर. वहिनीनं त्या दिवशी रजा घेतली होती. तिनं डोळ्यांना पदर लावला. मशीन धडधाकट आहे म्हणजे आता दोष पोरीच्या कानातच, हे तिलाही कळलं होतं.

"छान," बाई म्हणाल्या आणि सवयीनं त्यांनी एक पांढरा कागद उचलून तोंडापुढे धरला. "आता परत एकदा."

कागदामागून 'श' आला. मला लांबून स्पष्ट ऐकू आला. बाळ्या वाट बघत बसला.

'स' आला. बाळ्या त्या कागदाकडे बघत होता. "बाई, आवाज अडकला वाटतं," तो म्हणाला. "नेटवर्क नाही."

"नेटवर्क आहे," मी म्हटलं.

मग 'ई' आला. बाळ्यानं माझ्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं आणि वर्गात उत्तर न येणाऱ्या पोरासारखा हळूच म्हणाला, "आ?"

बाईंनी कागद खाली घेतला. मग त्या म्हणाल्या, "आत्या, नळी तुम्ही लावा जरा."

मी बोटं पुसली आणि जन्मात पहिल्यांदा ती नळी कानांत घातली. बाईंचा आवाज आला, पण कुठल्या कुठून, बंद दारापलीकडून यावा तसा. आणि त्याच्या वर ती शिट्टी, सुईसारखी. मी म्हटलं, "बाई, हे वाजतंय हो! हेच वाजत होतं!" त्यांनी सांगितलं, मशीन आणि साचा यांच्यामध्ये बारीक पारदर्शक नळी आहे, ती वाकते तिथं उजेडात धरून बघा. मी आयुष्यभर सुईत दोरा ओवलाय. मला दिसली ती चीर, केसाएवढी. आवाज पोरीच्या कानात जायच्या आधीच तिथून बाहेर गळत होता.

माझा पारा असा चढला! "अरे गाढवा," मी ओरडले, "तीन आठवडे! तीन आठवडे तू नळी घालून काय ऐकत होतास?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आता मला कळलं की तो नेहमीच तोंडाकडे बघतो. "घूं असा आवाज यायचा," तो म्हणाला. "मला वाटलं, सगळ्यांना तेवढाच येतो."

बाई म्हणाल्या, "बाबा, ठमीच्या शेजारी बसा. एक ठोकळा घ्या. आत्या, तुम्ही मागे उभ्या राहा."

ठमीचं डावं मशीन चांगलं होतं. बापलेक शेजारी शेजारी मांडी घालून बसले, दोघांनी गालाला ठोकळे लावले. मी मागे गेले. तोंडापुढे कागद धरला. मी 'म' म्हटलं, दोन ठोकळे पडले. 'आ'ला दोन, 'ऊ'ला दोन. 'ई'ला ठमीचा पडला, त्याचा जरा मागून पडला, तिचा बघून.

मग मी 'श' म्हटलं. ठमीनं ठोकळा टाकला. बाळ्या समोर बघत बसला होता, गालाला ठोकळा लावून, इतका शहाण्यासारखा की मला ते बघवेना. ठमीनं त्याच्याकडे बघितलं. वाट बघितली. मग आपल्या इवल्या हातानं त्याचा तो राकट हात धरला, ओढत डब्यापाशी नेला, ठोकळा टण्णकन पडला आणि तिनं टाळ्या वाजवल्या. अगदी त्यानं तिला शिकवलं होतं तसंच.

वहिनी उठून आत गेली. बाळ्या डब्यात बघत म्हणाला, "बाई, या तीन आठवड्यांत पोरीचं किती नुकसान झालं?" नोकरीचं काय, फाटकावर बसवतील का, असलं काही त्यानं विचारलं नाही. मला वाटलं, बाई आता खोटं बोलल्या तर बरं. पण त्या म्हणाल्या, "थोडं झालं. भरून काढता येईल. तुम्ही मात्र तुमचे कान दाखवून घ्या. आज-उद्याच."

मशीनबरोबर आलेल्या पेटीत तसली जादा नळी होती. बाई सांगत गेल्या तशी मी ती तिरपी कापली आणि साच्यातून ओवली. दुसऱ्या सकाळी वहीत उजव्या कानाला चार खुणा झाल्या, चौथ्या दिवशी सहा. चोवीसला डॉक्टरांनी तपासलं, कान होता तसाच आहे म्हणाले. ऑपरेशनची गरज सध्या नाही. तो 'सध्या' आम्ही तिघांनी घरी आणला, आणि तो अजून घरातच आहे. सोमवार आला की 'स' मी दोनदा तपासते.

बाळ्या कारखान्यात तपासणीला गेला, तेव्हा मी फाटकापर्यंत सोबत गेले. काचेच्या पेटीत बसवतात आणि आवाज आला की बटण दाबायचं असतं. बाहेर आला तो घामानं भिजून. त्याला मागावरून काढलंच. आता तो कापडाच्या गोदामात गठ्ठे मोजतो. तिथं सगळं शांत असतं आणि त्याचीच त्याला भीती वाटते. मागाच्या खात्यात कुणालाच ऐकू येत नव्हतं, गोदामात सगळ्यांना येतं. पाठीमागून कोणी हाक मारेल आणि आपल्याला कळणार नाही, म्हणून दिवसभर भिंतीला पाठ लावून उभा राहतो, असं त्याचा मुकादम मला म्हणाला. त्याच्या स्वतःच्या कानांच्या मशिनांची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

सकाळची नळी आता माझ्याकडे आहे, सहा आवाजही. वही मात्र तोच लिहितो.

परवा मंगळवारी तपासणी झाली होती. मी चहा गाळत होते. बाळ्या आमच्याकडे पाठ करून जमिनीवर बसला होता, वहीच्या नव्या पानावर पट्टीनं रेघा मारत. ठमीनं माझा कागद उचलला, आपल्या तोंडापुढे धरला, कागदामागे ती पूर्णच झाकली गेली. चवड्यांवर चालत बापाच्या मागे गेली आणि म्हणाली, "श."

तिच्या तोंडून पहिल्यांदा. चहा माझ्या हातावर सांडला तरी मला कळलं नाही.

बाळ्यानं रेघ मारली. सरळ, पानाच्या टोकापर्यंत.

"श," ती पुन्हा म्हणाली. आणि थांबली. आपण थांबतो तशी, ठोकळ्याची वाट बघत. तो पट्टी सरकवून दुसरी रेघ मारायला लागला. मी हाक मारणार होते, पण गाळणी तशीच हातात धरून बघत राहिले. ठमीनं थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघितलं. मग ती त्याला वळसा घालून पुढे गेली, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, कागद खाली घेतला आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "श."

बाळ्याच्या हातातून पट्टी पडली. त्यानं तिचे ओठ बघितले. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"ताई, आवाज आला का गं?"

"आला."

"कसा आहे?"

"स्वच्छ," मी म्हटलं.